पहिली पानं नसलेलं पुस्तक

"नाव नसलेलं पुस्तक चालणार नाही, बाई." कडोलकर म्हणाले. "पडद्यावर पुस्तकाचं नाव, खाली लेखकाचं नाव आणि शेजारी मुलाचा फोटो, असं येणार आहे. हिच्या चौकटीत काय टाकू? रिकामी सोडू?"

"सोडा की," मी म्हणाले. "रिकामी चौकट बघून चार माणसं विचारतील तरी."

"उद्या कार्यक्रम थेट जाणार आहे. कोल्हापूर-पुण्यापर्यंत लोक बघणार. वाचनालयाची काही शोभा आहे की नाही?"

शनिवारची दुपार होती. वाचनालयाच्या नव्या सभागृहात रंगाचा वास अजून भरून होता आणि आमची मुलं सतरंजीवर बसून दुसऱ्या दिवशीची तालीम करत होती. ध्वनिक्षेपकापाशी तेजल हजारे उभी होती. सहावीतली पोर, बारीक अंगाची. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं ती दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं ऐकत होती. कडोलकर आमच्या वाचनालयाचे कार्यवाह. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मुलांशी बोलतानाही ते सभेतच बोलत.

हे सगळं कशावरून चाललं होतं ते आधी सांगते. गावातल्या प्राथमिक शाळेत मी जन्मभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या बालविभागात जाऊन बसू लागले. मुलं यायची, पुस्तकं घ्यायची, माझ्याशी भांडायची. मग नूतनीकरण निघालं. बालविभाग बंद झाला. "मुलांची पुस्तकं माळ्यावर सुरक्षित आहेत, काम झालं की खाली आणू," असं कडोलकरांनी मला सांगितलं. मी म्हटलं, तोवर मुलांनी काय करायचं? तेव्हा आम्ही मोबाईलवर एक गट काढला, 'आठवड्याचं पुस्तक'. मुलांनी घरचं, शाळेतलं, मामाकडचं, मिळेल ते पुस्तक वाचायचं आणि रविवारी सकाळी आपल्या आवाजात सगळ्यांना सांगायचं. मी एकच नियम घातला होता. 'पुस्तक छान आहे' असं म्हणायचं नाही. कुठे हसलात, कुठे रडलात, कुठे कंटाळून झोपलात ते सांगायचं. आणि आईबापांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

वाचनालयानं ही मुलांची बोलणी आपल्या फेसबुकच्या पानावर टाकायला सुरुवात केली. बाहेरगावची माणसं ऐकू लागली, शाबासकी देऊ लागली. अध्यक्ष आनंदराव इंगवले यांच्या भाषणात 'आमचा उपक्रम' असा शब्द यायला लागला. मला त्याचं काही वाटलं नाही. पोरं वाचत होती, एवढ्यावर मी खूश होते.

त्यांत तेजलचं ऐकायला सगळे टपून असायचे. तिची आई रंजना घरी कागदाच्या पिशव्या करायची. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून औषधांच्या दुकानांत, फरसाणवाल्यांकडे त्याच पिशव्या जात. रद्दीवाला पोती आणून टाकायचा. पुस्तक असलं तर पुठ्ठा त्यानं आधीच फाडून घेतलेला असायचा, कारण पुठ्ठा वेगळा विकला जातो. तेजल शाळेतून येईपर्यंत आईनं वरची पानं खळीला लावलेली असायची. मग उरलेलं पुस्तक तेजल पोत्यातून ओढून काढायची. त्यामुळे तिच्या कुठल्याच पुस्तकाला नाव नव्हतं आणि सुरुवातही नव्हती.

"आता हिथं एक हत्ती हाय," ती सांगायला लागायची. "सर्कशीतनं सुटलेला. आणि एक पोस्टमन त्याला आपल्या गावाला घिऊन निघालाय. का निघालाय ते पयल्या पानांत असणार, ती आमच्या आईनं लावली. पण पोस्टमनला हत्तीची लई भीती वाटतीया, हे मात्र पक्कं. कारण तो त्याच्याशी बोलताना 'अहो' म्हणतोय."

हत्तीचं नाव पहिल्या पानांत गेलं होतं. पुढे सगळे त्याला नुसतं 'हा' म्हणत होते. गटावरच्या मुलांनी त्यावरून वर्षभर वाद घातला. झोया पटवेगार म्हणायची, त्याचं नाव नवाब असणार. कुणी म्हणे गजराज, कुणी म्हणे टायगर. मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवलं, पण हातातल्या पुस्तकात नसलेल्या गोष्टीवर मुलं इतकी हिरिरीनं विचार करताना पाहिली नव्हती.

आणि वर्षअखेरीच्या या कार्यक्रमासाठी 'माझं वर्षाचं पुस्तक' म्हणून तेजलनं तेच निवडलं होतं.

"हे बघ बाळ," कडोलकर तिच्याकडे वळले, "अध्यक्षसाहेबांचं आत्मचरित्र सगळ्या मुलांना भेट दिलंय ना आपण? त्याच्यावर बोल. नाव आहे, लेखक आहे, सगळं आहे."

"सर, ते मीबी घेतलेलं वाचायला," झोया सतरंजीवरून म्हणाली. "साहेब जन्मायलाच चार पानं घेत्यात."

मुलं फिदीफिदी हसली. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरेना. कडोलकरांना ते दिसलं असावं. त्यांचा चेहरा बदलला.

"मला तर वेगळीच शंका आहे," ते म्हणाले. "मी या वाचनालयात उभं आयुष्य काढलंय. हत्ती आणि पोस्टमन, असं मराठीत पुस्तकच नाही. ही मुलगी मनानं रचून सांगते. वर्षभर आपल्या पानावरून खोटं सांगत आलीय, आणि तुम्ही तिला शाबासकी देताय."

"कडोलकर, पोरीसमोर काय बोलताय?"

"रचलेलं न्हाई सर," तेजल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पुस्तक घरात हाय."

"मग उद्या घेऊन ये. नसेल तर येऊ नको."

"आणते."

तेवढं बोलून ती सतरंजीवर जाऊन बसली. झोयानं तिला कोपरानं ढोसलं. तेजलनं तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तालमीला आलेल्या कुणा पालकानं गटावर लिहिलं, 'खोट्या पुस्तकाला उद्या टाळ्या मिळणार म्हणे.' त्याखाली दुसरीनं, 'आमची मुलं खरी पुस्तकं विकत घेऊन वाचतात, त्यांचं काय?' तिसऱ्यानं नुसतं हसण्याचं चित्र टाकलं. मी लिहिलं, 'मोठ्यांनी इथे बोलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.' त्यावर एका डॉक्टरीणबाईंनी मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते नमस्कारासाठी होतं की मला गप्प करण्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

दिवेलागणीला रंजना माझ्या दारात आली. हातांना वाळलेली खळ तशीच होती.

"बाई, पोरीचं नाव काढून टाका तेवढं."

"ये, आत ये. बस आधी."

"बसत न्हाई. पिशव्या ऱ्हायल्यात, उद्याच्या कार्यक्रमाच्याच हाईत. सकाळी पोचवायच्या." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आमच्या गल्लीत आत्ता दोघी जणी इचारून गेल्या, तुझी तेजल खोटं बोलती व्हय म्हणून. आज खोटारडी म्हणत्यात. उद्या शाळंत काय हरवलं की पयलं हिच्याकडं बघत्याल. आमच्यासारख्यांच्या पोरींना येकदा नाव पडलं की धुऊन निघत न्हाई, बाई."

"तेजल काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? पोत्यात डोकं घालून बसलीया. म्हणती, हत्तीच्या नावाचं पान सापडलं असतं तर बरं झालं असतं."

"रंजना, पुस्तक आहे ना घरात?"

"हाय की. उशाला घिऊन झोपती."

"मग नाव काढलं तर काय होईल माहीत आहे? पुस्तक नव्हतंच म्हणून काढलं, असं म्हणतील. उद्या तिला आण. पुस्तक दाखवू दे आणि बोलू दे. आपली पोर खरं बोलते हे सगळ्यांना दिसू दे."

रंजनानं नखानं तळहातावरची खळ खरवडली. "तुमी म्हणताय म्हणून," एवढंच म्हणाली आणि गेली.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. समोरच्या अख्ख्या भिंतीवर फलक, त्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो आणि त्याच्या आजूबाजूला, लहान लहान, आमची मुलं. मधोमध तिवईवर मोबाईल. दारातच प्रत्येक मुलाच्या हातात कागदी पिशवीतून भडंग दिलं गेलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत उघडायचं नाही अशी ताकीदही. कडोलकरांनी ध्वनिक्षेपकावरून, "हा कार्यक्रम संपूर्ण प्लास्टिकमुक्त आहे," असं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. रंजना मागे, चपलांच्या ढिगाशेजारी उभी होती. मागच्या दोन-चार खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसली नव्हती.

मुलं एकेक करून बोलली. झोयानं आपलं पुस्तक सांगितलं आणि शेवटी, "यातलं शेवटचं प्रकरण लेखकानं घाईत लिहिलंय, त्यांना बसला जायचं असणार," असं म्हणून सगळ्यांना हसवलं. मग तेजलचं नाव पुकारलं. पडद्यावर तिचा फोटो आला. शेजारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'नाव: उपलब्ध नाही.'

तिनं फ्रॉकच्या खिशातून रुमालात बांधलेलं पुस्तक काढलं. पुठ्ठा नाही, शिवण उसवलेली, कडा कुरतडलेल्या. पण पुस्तक होतं. हत्तीची चित्रंही होती. पहिल्या रांगेतून दिसत होती.

"हे माझं वर्षाचं पुस्तक," ती म्हणाली. "मला यात सगळ्यात जास्त..."

"एक मिनिट." कडोलकर पुढे आले. "बघू."

त्यांनी पुस्तक घेतलं. जिभेला बोट लावलं आणि पानं न चाळता मधलं एक ठरावीक पान बरोबर उघडलं. जुन्या वाचनालयांत एक पद्धत असते. पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर, बाहेरच्याला माहीत नसलेल्या जागी, शिक्का मारून ठेवतात. तिथे निळा गोल शिक्का होता. आमच्याच वाचनालयाचा.

ते पान त्यांनी मोबाईलपुढे धरलं.

"हे पुस्तक आमच्या वाचनालयाचं आहे," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. "मी काल म्हणालो होतो, इथे काहीतरी गडबड आहे. हे तुझ्याकडे कसं आलं?"

मला प्रथम कळेचना. आदल्या दुपारपर्यंत जे पुस्तक मराठीत अस्तित्वातच नव्हतं, ते आता चोरीला गेलं होतं!

"रद्दीत आलं, सर," तेजल म्हणाली.

"रद्दीत? सार्वजनिक वाचनालय पुस्तकं रद्दीत देत नसतं. सरळ सरळ ही चोरी आहे. चोरलेलं पुस्तक आवडतं म्हणून मिरवायचं, तेही ज्यांचं चोरलं त्यांच्याच व्यासपीठावर! पालकांनी याचा विचार करावा."

मी उठले. गुडघ्यांचं दुखणं आहे मला, पण त्या दिवशी मी कशी उठले ते गुडघ्यांनाही कळलं नसेल. पण माझ्याआधी तेजल बोलली. पुस्तक तिनं त्यांच्या हातातून परत घेतलं होतं. रडत नव्हती. वर्गात न समजलेलं गणित विचारावं तशी विचारत होती.

"सर, शिक्का मी बघितलावता. मला वाटलं, तुमीच दिलं असंल रद्दीवाल्याला. न्हाई, तर मग चुकून आलं असंल. घ्या हे तुमचं. मीच ठेवते जाग्यावर. पोरांचं कपाट कुठाय?"

कडोलकरांनी हात पुढे केला.

"ते... ठेवू नंतर. दे इकडे."

"कुठल्या कपाटात ठेवणार, कडोलकर?" मी विचारलं. मी ध्वनिक्षेपक घेतला नव्हता. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज मला अजून आहे.

"बाई, तुम्हाला माहीत आहे. मुलांची पुस्तकं माळ्यावर आहेत."

"मग चला माळ्यावर. पोर जाग्यावर ठेवते म्हणतेय. ठेवू दे."

झोयानं मान वर केली. सगळ्या मुलांनी केली. "सर," ती म्हणाली, "माळा कुठाय आता? वर तर नक्षी आणि लायटी हाईत."

खरंच, वर पांढरं शुभ्र नवं छत होतं, मधोमध फूल कोरलेलं. माळ्याची जुनी लाकडी तक्तपोशी कधीच उतरली होती. वर्षभर मी त्या माळ्याच्या भरवशावर मुलांना धीर देत होते. मी जिना शोधू लागले. जिनाही नव्हता.

"साहेब." मागून आवाज आला. चपलांच्या बाजूनं. रंजना दोन पावलं पुढे आली होती. "माळा आमच्या घरात आला हुता."

"कोण आहेत या?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेजलची आई. पिशव्या करतो आमी. गेल्या वर्षी, तुमचं बांधकाम चालू झालं तवा, रद्दीवाल्यानं पोती टाकली. समदी पोरांचीच पुस्तकं. चित्रांची. मी त्याला म्हटलं, चांगली हाईत की रं ही, कुणी दिली? तर म्हणाला, तुला काय करायचंय, तू पिशव्या कर. केल्या मी. वरीसभर त्याच करतोय." मग तिनं सतरंजीवरच्या मुलांकडे बोट केलं. "तुमी आजच्यासाठी सांगितल्या, त्याबी त्यातल्याच हाईत."

मुलांनी हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं.

मी तो क्षण विसरू शकत नाही. सगळी पोरं आपापली पिशवी उलटसुलट फिरवून वाचू लागली. एकीच्या पिशवीवर राजकन्येचं अर्धं तोंड होतं. एकाच्या पिशवीवर कोल्हा बोलत होता आणि त्याचं वाक्य चिकटवलेल्या घडीखाली गेलं होतं. "बाई, माझ्यावर कविता हाय," कुणीतरी ओरडलं. "माझ्यावर पत्ता हाय, चोर सापडला त्याचा." एक लहानगा उठून तेजलकडे धावला. "ताई, बघ की, यात हत्ती हाय का?"

"थेट प्रक्षेपण बंद करा," कडोलकर हळू आवाजात म्हणाले. तिवईवरचा मोबाईल कुणीतरी काढला. "नेटवर्क गेलंय," असंही मोठ्यानं सांगून झालं. नेटवर्क अगदी व्यवस्थित होतं. माझ्या पिशवीतला फोन एकसारखा वाजत होता.

आता अध्यक्ष उठले. "हे बघा, भावनेच्या आहारी जाऊ नका. जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन हा कुठल्याही वाचनालयाचा नियमित भाग आहे. तसा ठराव झालेला आहे."

"जीर्ण?" मी म्हणाले. "साहेब, ही पुस्तकं मी रोज हाताळत होते. कितीतरी मी स्वतः शिवली होती. जीर्ण तुमचा माळा होता. आणि बाद केलेल्या पुस्तकावर 'बाद' असा शिक्का मारायचा असतो, तो कुठे आहे? तेवढे तरी कष्ट घ्यायचे. एकेक पुस्तक हातात धरलं असतंत तर कदाचित एखादं उघडलंही गेलं असतं."

"बाई, मुलांसाठी आपण डिजिटल..."

"मुलांसाठी काय केलंत ते मुलांच्या हातात आहे. भडंग भरलेलं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी कडोलकरांकडे वळले. इतकी वर्षं मी शाळेत ओरडले नाही. मुलं चुकली तर मी शेजारी बसते, पुन्हा करून घेते, पुन्हा चुकली तर पुन्हा. त्याच सवयीनं मी त्यांच्याजवळ गेले आणि अगदी हळू बोलले.

"कडोलकर, तुम्ही काल हिला खोटारडी म्हणालात. पुस्तक खरं निघालं. आज चोर म्हणालात. पुस्तक तुम्हीच विकलं होतंत. ध्वनिक्षेपक तुमच्या हातात आहे. तो शब्द परत घ्या."

त्यांनी ध्वनिक्षेपकाकडे पाहिलं. मला वाटलं, घेतील. माणूस अगदीच वाईट नव्हता. अध्यक्ष दारू पिऊन सभेला आले तर त्यांना घरी पोचवणारा, शिपायाच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहणारा. एक वाक्य होतं फक्त.

"विषय वाढवू नका, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांचाच गैरसमज झाला."

"सगळ्यांचा नाही. हिचा काही गैरसमज झाला नव्हता."

ते ध्वनिक्षेपक खाली ठेवून अध्यक्षांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेले. पंखे चालू होते, फलकावर सगळे हसत होते. खाली सतरंजीवर मुलांनी भडंगाचा एका जागी ढीग केला होता आणि ती पिशव्यांच्या कडा थुंकी लावून सोडवत बसली होती. रंजना त्यांच्यात जाऊन बसली. "असं वढू नका, फाटतंय. खळ हाय ती, ओलं फडकं लावा," असं त्यांना दाखवू लागली. ज्या हातांनी पानं चिकटवली त्याच हातांनी ती एकेक पान सोडवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. या सगळ्या प्रकारात जिला एकटीला शरम वाटली, तिचाच त्यात काही दोष नव्हता.

पहिल्या पानांतला हत्ती कुणालाच सापडला नाही.

तेजलचं बोलणं राहिलंच होतं. मी तिला म्हटलं, "सांग आता, तुला यात सगळ्यात जास्त काय आवडलं?" तिनं मान हलवली. "आज नको बाई." त्या वर्षात ती पहिल्यांदाच पुस्तकाबद्दल बोलायला नको म्हणाली होती. पुढे कितीतरी रविवार ती नको म्हणत राहिली. गट मी वाचनालयाकडून काढून घेतला, मुलं माझ्या घरी येऊ लागली, पुस्तकंही जमली. तीही यायची. ऐकायची. सांगायची नाही. चोर म्हणण्यानं असं होतं. मूल रडलं तर दिसतं तरी. गप्प झालं तर कुणाला दिसतही नाही. उलट सगळे म्हणतात, किती समंजस आहे.

त्या कार्यक्रमाची चित्रफीत वाचनालयाच्या पानावर दोन दिवसांनी आली. तेजलच्या जागी 'तांत्रिक अडचण' अशी पाटी होती. त्यापुढे थेट अध्यक्षांचं समारोपाचं भाषण. खाली पुष्कळ लोकांनी हात जोडले होते, अंगठे दाखवले होते. स्तुत्य उपक्रम, असं लिहिलं होतं.

पुढे गावात ओरड झाली म्हणून बालविभाग पुन्हा सुरू झाला. काचेचं कपाट आलं, देणगीदाराच्या नावासकट. पुस्तकंही आली, कोरी करकरीत. सगळे म्हणाले, बघा बाई, शेवटी चांगलंच झालं ना. त्या ठरावावर सह्या करणारेही म्हणाले. आता कशाला जुनं उकरून काढता?

उकरून काढते, कारण कपाट परत आलं, शब्द परत घेतला गेलेला नाही.

मी वाचनालयाची आजीव सभासद आहे. दरवर्षी वार्षिक सभेला जाते. अहवाल वाचून होतो, जमाखर्च मंजूर होतो, आणि 'आयत्या वेळचे विषय' आले की मी हात वर करते. अध्यक्ष आता दुसरे आहेत. कार्यवाह कडोलकरच. केस पिकलेत, ऐकू कमी येतं, तरी माझा हात त्यांना बरोबर दिसतो.

तेजल आता कोल्हापूरला शिकते. परवा आली होती तेव्हा हसत म्हणाली, "बाई, सोडा आता. मी विसरले पण."

"तू विसर," मी म्हटलं. "तुझं वय आहे विसरायचं. मी आयुष्यभर चुका दुरुस्त करून घेण्याचा पगार घेतला."

गेल्या सभेत मी उभी राहिले तेव्हा मागून कुणीतरी उसासा टाकला. नव्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. कडोलकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, दरवर्षी तुमच्या म्हणण्याची नोंद घेतो की आम्ही."

"नोंद नको," मी म्हणाले. "तुम्ही तिला चोर म्हणालात, तो शब्द परत घ्या. मी उभी आहे."